रेसच्या गाडीचं गिअर ऑइल: आधी गिअरबॉक्स बघा, मग डबा उचला

ट्रॅकवर उतरवायची म्हणून दुकानातलं सगळ्यात जाड गिअर ऑइल ओतू नका. आधी गिअरबॉक्स कोणता आहे ते बघा.

मूळ सिंक्रो रिंगवाला (गिअर बदलताना फिरण्याचा वेग जुळवणाऱ्या रिंगांचा) असेल तर साधारणपणे जीएल-४ घ्या. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार. या रिंगा बऱ्याचदा पितळेच्या असतात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. जबर दाबात ती दात वाचवतात, पण तेल तापलं की पितळ खाऊ शकतात. शिवाय रिंगेला पकड लागते, तेल फार निसरडं झालं की गिअर खरखरत पडतो. डॉग बॉक्समध्ये, म्हणजे मोठे दात थेट एकमेकांत अडकणाऱ्या रेसच्या गिअरबॉक्समध्ये, सिंक्रो नसतात, धक्के मात्र जोरात बसतात. तिथे बनवणाऱ्याने सांगितलं असेल तर जीएल-५ बिनधास्त वापरा. पुढची चाकं ओढणाऱ्या फ्रंट व्हील गाडीत बहुधा डिफरन्शियलही (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) त्याच तेलात फिरतं. प्लेटांचं एलएसडी (एकच चाक नुसतं घसरून फिरू नये म्हणून असलेलं डिफरन्शियल) बसवलं असेल तर त्याच्या कंपनीचं ऐका.

आता ग्रेड, म्हणजे तेलाची जाडी. ७५डब्ल्यू-९० मधला पहिला आकडा थंडीचा, दुसरा तापलेल्या तेलाचा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तिथे दुसराच आकडा कामाचा. तरी एकदम १४० वर उडी नको, जाड तेल घुसळण्यात ताकद जाते आणि उष्णताही वाढते. माझ्या मते चांगलं सिंथेटिक ९० पुरतं.

तेल काढताना ड्रेन प्लगचं चुंबक नक्की बघा. बारीक राखाडी लगदा चालतो. धातूचे तुकडे दिसले तर नवं तेल भरू नका, गिअरबॉक्स उघडा.