नागपुरातील खाण्याचा रविवार कसा आखावा

सुटीच्या दिवशी पाहुणे आले की त्यांना नागपूरभर फिरवून खाऊ घालण्याचा बेत ठरतो आणि बहुतेक वेळा तो दुपारीच कोलमडतो. सकाळी पोटभर पोहे, अकराला समोसा आणि त्यावर लस्सी झाली की सावजी, म्हणजे इथल्या मसालेदार मटण-रश्श्याच्या जेवणापुढे बसताना भूकच उरलेली नसते. म्हणून या शहरातला खाण्याचा दिवस दुपारच्या जेवणाभोवती आखावा. सावजी हे त्या दिवसाचे मुख्य काम समजावे, त्याआधीचे सारे मोजके ठेवावे आणि त्यानंतरचे सारे थंड व हलके असावे.

असा दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वांत सुखाचा जातो. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सकाळचा भाग नऊच्या आत उरकावा आणि संध्याकाळी सूर्य कलल्याखेरीज पुन्हा बाहेर पडू नये. महाल आणि इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत गाडी लावण्याचा त्रास टाळायचा असेल, तर मेट्रोने फिरणे उत्तम. ऑरेंज आणि अॅक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकत्र येतात आणि खाण्याची बहुतेक ठिकाणे या दोन मार्गिकांच्या आसपासच आहेत.

सकाळी आठच्या सुमारास ऑरेंज मार्गिकेने कस्तुरचंद पार्कला उतरावे. या भागातील तर्री पोह्यांच्या टपऱ्यांवर रविवारी सकाळपासून गर्दी असते. पोहे वाफेवर गरम राहतात. त्यांना स्वतःचा तिखटपणा फारसा नसतो, सगळी चव वरून येते. आधी ताटलीत पोहे, मग गावरान हरभऱ्याचा पातळ, झणझणीत रस्सा म्हणजेच तर्री, त्यावर मूठभर चिवडा किंवा शेव, बारीक चिरलेला कांदा, हिरवागार सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि लिंबाची फोड, असा हा थर असतो. नवख्या माणसाने तर्री आधी थोडीच घालून घ्यावी, कारण ती मागाहून वाढवून घेता येते, एकदा पडलेली मात्र काढता येत नाही. चिवडा मऊ पडण्याआधी, म्हणजे ताटली हातात आल्यावर गप्पा न मारता खाणे महत्त्वाचे आहे. दोघांत एक किंवा फार तर प्रत्येकी एक ताटली पुरे. शेजारी आलूबोंडा तळला जात असेल आणि त्यावर तीच तर्री ओतून मिळत असेल, तरी तो मोह दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा. नंतर चहा घ्यावा आणि पायी झिरो माइलच्या दगडापर्यंत जाऊन यावे. हे अंतर थोडे आहे आणि पोहे जिरायला तेवढी चाल उपयोगी पडते.

संत्र्यांचा हंगाम असेल तर इथून रेल्वे स्थानकाजवळच्या संत्रा मार्केटकडे वळावे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण फळ पारखायला मानांकनाचा काही उपयोग नाही, तिथे हातच लागतो. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतात. दुसरी खेप अधिक गोड असते, असे इथल्या बहुतेकांचे मत आहे आणि माझेही. रंगावर जाऊ नये, कारण सालीवर हिरवट झाक असलेले फळही आतून पक्व असू शकते. आकाराच्या मानाने जड लागणारे फळ निवडावे, हलके फळ बहुधा आतून कोरडे निघते. विकत घेतलेल्यातील एखादे तिथेच सोलून खावे, बाकीची पिशवीत ठेवावी, कारण दुपारच्या जेवणानंतर त्यांची गरज पडते.

साडेअकराच्या सुमारास अॅक्वा मार्गिकेने अग्रसेन चौक किंवा चितार ओळी या स्थानकावर उतरून इतवारी, गांधीबाग, महाल या जुन्या नागपुरात शिरावे. सावजी ही मुळात हातमागावर विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टी समाजाच्या घरची पाककृती आहे आणि तिची जुनी भोजनालये याच वस्तीत आहेत. भोजनालय निवडताना पाटीपेक्षा गिऱ्हाईक पाहावे. आसपासचे दुकानदार आणि कारागीर जिथे जेवायला बसलेले असतील, तिथे निर्धास्त बसावे. अनेक घरांत शनिवारी मांसाहार वर्ज्य असल्यामुळे रविवारी दुपारी इथे झुंबड उडते. बाराला पोहोचणारा निवांत जेवतो, दीडला पोहोचणारा रांगेत उभा राहतो.

सावजी म्हणजे नुसते तिखट, हा समज या जेवणावर अन्याय करणारा आहे. मसाल्यात धने, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, काळी मिरी, लवंग आणि सुंठ असते. जुन्या पद्धतीत जवसाचे तेल वापरले जात असे. मिरी आणि सुंठेमुळे हे तिखट जिभेवर चटकन न लागता घास गिळल्यावर घशात हळूहळू चढते. म्हणून पहिल्या दोन घासांवरून अंदाज बांधून रस्सा ओरपू नये. मटण आणि रस्सा वेगवेगळ्या वाट्यांत मागावा, ज्वारीची भाकर कुस्करून त्यावर थोडा थोडा रस्सा घ्यावा आणि वर तरंगणारी लाल तर्री चमच्याने बाजूला सारण्यात कमीपणा मानू नये. कांदा आणि लिंबू शेजारी हवेतच. मटण नको असलेल्यांनी पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा मागवावा. बेसनाच्या पाटोड्या रस्सा पिऊन फुगतात, तेव्हा मसाल्याची चव मटणापेक्षाही स्वच्छ कळते, असे मला वाटते. तोंड भाजले तर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातील केसीन ते जिभेवरून सोडवते, त्यामुळे ताकाचा पेला जेवणाबरोबरच मागवून ठेवावा.

इतके तिखट झेपणार नसेल, घरात वयस्क माणसे किंवा लहान मुले असतील, तर दुपारी वडाभाताचा बेत करावा. मिश्र डाळी भिजवून जाडसर वाटायच्या, त्यांचे वडे तळून गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग व सुक्या मिरचीची खमंग फोडणी दिलेले तेल घालायचे, एवढीच ही कृती आहे, परंतु सोबत आंबट कढी असल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. हा पदार्थ बाहेर मोजक्याच ठिकाणी मिळतो, घरी मात्र सहज जमतो.

जेवण झाल्यावर कुठेही जाऊ नये. घरी किंवा मुक्कामी परतावे, सकाळची संत्री सोलून खावीत आणि किमान तीन तास पडावे. या विश्रांतीला वेळ ठेवला नाही तर संध्याकाळ आळसात जाते. उठल्यावर हिवाळ्यात चहा आणि उन्हाळ्यात कैरीचे पन्हे किंवा उसाचा रस घ्यावा. रस घेताना बर्फ न घालता मागावा.

संध्याकाळी पाचनंतर फुटाळा तलावावर जावे. एलएडी चौक स्थानकावर उतरून तिथून ऑटो करता येतो. निखाऱ्यावर भाजलेला भुट्टा, त्यावर लिंबाच्या फोडीने चोळलेले मीठ-तिखट, आणि हातात चहा, एवढ्यावर दोन तास सहज जातात. इथल्या चायनीजच्या गाड्यांकडे दुर्लक्ष करावे, कारण ते पदार्थ कोणत्याही शहरात मिळतात.

रात्री धरमपेठ किंवा गोकुळपेठेकडे येऊन झुणका-भाकर अथवा साधा वरण-भात घ्यावा, आणि तीही इच्छा नसेल तर नुसते आईस्क्रीम खावे. दिनशॉज ही 1932 पासूनची नागपूरचीच डेअरी आहे. पाहुण्यांना देण्याची संत्रा बर्फी मात्र सकाळी घेऊन दिवसभर उन्हात फिरवू नये. तिच्यात मावा असतो, म्हणून ती रात्री परतताना सर्वांत शेवटी घ्यावी, डब्यावरील तारीख पाहावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि पाहुण्यांची गाडी निघण्याच्या वेळीच त्यांच्या हाती द्यावी.