लांबचा विमानप्रवास: या चुका तिकीट काढतानाच टाळा

सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे 15,300 किलोमीटरचं अंतर थेट विमान 18-19 तासांत कापतं. पण दूरच्या शहरांमध्ये अशी थेट सेवा क्वचितच मिळते. वाटेत विमान बदलावं लागतं आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

सगळ्यात महागात पडते ती दोन टप्प्यांची दोन वेगळी तिकिटं, केवळ स्वस्त दिसतात म्हणून काढलेली. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर असली आणि पहिल्याला उशीर झाल्यामुळे पुढचं हुकलं, तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीकडे येतं. तिकिटं वेगळी असली, की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, पैसे गेले. शिवाय बॅग बहुधा मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी बहुतेक परदेशी नागरिकांना व्हिसा किंवा ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील, तर मध्ये एक रात्र ठेवा. दोन-तीन तासांच्या भरवशावर राहू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

एकाच तिकिटातला पहिला टप्पा परस्पर सोडून देऊ नका. तसं केलं की पुढचे टप्पे आणि परतीचा प्रवासही सहसा रद्द होतो.

तारखेचा घोटाळा चांगल्या शिकलेल्या माणसांचाही होतो. 15 तारखेला 00:30 चं विमान म्हणजे 14 च्या रात्री विमानतळावर हजर राहायचं. उतरण्याच्या वेळेपुढे +1 असेल, तर हॉटेल दुसऱ्या दिवसापासूनचं हवं.

औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँकही तिथेच. चेक-इन बॅगेत ती चालत नाही आणि 100 वॉट-अवरपेक्षा (Wh, बॅटरीच्या क्षमतेचं माप) मोठी असेल तर कंपनीची आधी परवानगी लागते. बॅग आलीच नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबाबतच्या 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करावी लागते. घरी जाऊन निवांत बघू म्हणणाऱ्यांचा हक्क असा हातचा जातो.

आता शरीराचं. केबिनमधली हवा साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या डोंगरावर असावी तितकी विरळ असते, आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली. घसा कोरडा पडण्याची वाट न बघता पाणी पीत राहा. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून उठून चाला, बसल्या बसल्या घोटे फिरवा. पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.