लॅटिनो दृश्यकलेचं समूह प्रदर्शन मांडताना

अमेरिकेत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या, कलाकारांची अशी बरीच प्रदर्शनं १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या हिस्पॅनिक वारसा महिन्यात भरतात. त्या दिवसांत त्याच कलाकारांना सगळीकडून विचारणा होते, म्हणून कलाकृतींसाठीची पत्रं निदान आठ-नऊ महिने आधी गेली पाहिजेत.

निवड करताना मेक्सिकोचा एक, क्युबाचा एक, पोर्तो रिकोचा एक अशी देशवार वाटणी करू नका. तसं केलं की कलाकार देशाचा प्रतिनिधी होऊन बसतो आणि चित्र मागे पडतं. हवानात जन्मलेल्या कार्मेन हेरेरांची रेखीव भौमितिक अमूर्त चित्रं आणि एस्टर हर्नांडेझ यांचं कीटकनाशकांवर बोट ठेवणारं ‘सन मॅड’ (१९८२) हे स्क्रीनप्रिंट, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापलेलं मुद्राचित्र, एकाच परंपरेत येतात, हीच तर या कलेची श्रीमंती! दालनाचे भाग माध्यमावरून किंवा विषयावरून पाडा: मुद्राचित्रं, अमूर्त चित्रं, घर आणि देव्हारा, स्थलांतर.

भिंत ४० मीटर असेल तर कामांची एकूण रुंदी २० मीटरच्या आत ठेवा. त्यात बारा-चौदा कलाकार, प्रत्येकी दोन कामं, आरामात बसतात. चित्राचा मध्य जमिनीपासून १४७ सेंटिमीटरवर धरा. हुकाची उंची काढायला १४७ मध्ये चित्राची अर्धी उंची मिळवा आणि चित्रामागची तार ताणल्यावर ती वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तितकं वजा करा. चित्र ९० सेंटिमीटर उंच आणि तार १० खाली असेल तर १४७ + ४५ − १० = १८२. तार सैल असताना मोजली की हिशेब हमखास चुकतो. एकाऐवजी दोन हुक लावा, चित्र कलत नाही.

स्क्रीनप्रिंट हा चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, कलेचा कणा आहे. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’सारख्या कार्यशाळांनी तो घडवला. कागदी कामांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) वर नको, समोर अतिनील किरण अडवणारं पारदर्शक ॲक्रिलिक हवं. कागद ॲक्रिलिकला टेकू देऊ नका, नाहीतर शाई त्याला चिकटते. चिकटपट्टी तर अजिबात नको. जपानी कागदाच्या बिजागऱ्या (चित्र धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या) गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावा. पेन्सिलीतली सही आणि आवृत्तीचा क्रमांक माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकला जाणार नाही, हेही पाहा.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे ओफ्रेंडा, मृतांच्या स्मरणार्थ रचलेली वेदी. अमालिया मेसा-बेन्स यांनी १९८४ मध्ये अभिनेत्री डोलोरेस देल रिओसाठी रचलेली वेदी पाहिली, की आरसे, कापड, छायाचित्रं यांची ती दाटीच रचना आहे हे लक्षात येतं. म्हणून “जरा मोकळं करू” म्हणून एकही वस्तू हलवू नका. कलाकाराकडून प्रत्येक वस्तूची क्रमांकासह यादी आणि चारही बाजूंची छायाचित्रं घ्या. ताज्या झेंडूबरोबर कीड आणि ओल येते, साखरेच्या कवट्यांना मुंग्या लागतात. कलाकाराला विचारून कापडी फुलं आणि प्लास्टरच्या कवट्या वापरा. मेणबत्त्या बॅटरीच्याच. पातळ कागदाच्या कातरलेल्या पताका एसीच्या झोतात फाटतात आणि प्रखर दिव्याखाली महिनाभरात फिकटतात, त्यामुळे त्यांच्या काही जास्तीच्या प्रती आधीच मागवा.

लेबलं इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, प्रत्येकी ६०-७० शब्दांची, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरात. कलाकार ब्राझिलियन असेल तर पोर्तुगीजही घाला. चिकाना (चिकानोचं स्त्रीलिंगी रूप), न्यूयोरिकन (न्यूयॉर्कमधले पोर्तो रिकन), लॅटिनेक्स (‘लॅटिनो’चं लिंगनिरपेक्ष रूप) की नुसतं नाव, हे ज्याचं त्याला विचारून लिहा. नावांवरची स्वरचिन्हं मुद्रितशोधनात पुन्हा तपासा.

वाट किमान ३६ इंच रुंद ठेवा. जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात कुठलीही वस्तू भिंतीबाहेर ४ इंचांहून जास्त येऊ देऊ नका; काठीने वाट चाचपणाऱ्याला ती कळत नाही. काम संग्राहकाचं असलं तरी स्वामित्वहक्क बहुधा कलाकाराकडेच असतो, म्हणून पोस्टरसाठी लेखी परवानगी घ्या. विमा भिंतीवरून उतरल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा हवा. पेटी उघडताना आणि पुन्हा भरताना त्याच कोनातून फोटो काढा. ओरखडा कधी पडला याचा वाद त्यावरच मिटतो.