अन्ननलिकेची ईएसडी शिकताना: नाइफच्या आधी डोळा

डीएम गॅस्ट्रोला, म्हणजे पोटविकारांच्या पुढच्या शिक्षणाला, नुकतेच लागलेले रेसिडेंट मला हमखास विचारतात, "सर, ईएसडीला नाइफ कुठला घेऊ?" मी म्हणतो, आधी बघायला शिका. हात सरावानं बसतो, पण जो डाग दिसलाच नाही तो काढणार कसा?

अन्ननलिकेचा कॅन्सर अजून अगदी वरच्या अस्तरातच असतो, तेव्हा स्कोपमधूनच (तोंडातून आत नेतात ती कॅमेऱ्याची नळी) त्याच्याखाली द्रव भरायचा, तो भाग स्नायूपासून वर उचलायचा आणि अख्खा एका तुकड्यात सोलून काढायचा, ही ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोझल डिसेक्शन). जपानमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती आधी जठरासाठी बसवली गेली. 2008 पासून तिथल्या आरोग्य विम्यात अन्ननलिकेची ईएसडीही आली. छाती उघडावी लागत नाही आणि रुग्णाची अन्ननलिका त्याच्याकडेच राहते.

आपल्याकडे रुग्ण येतो तो घास अडकायला लागल्यावर, आणि तोवर ही वेळ निघून गेलेली असते. सुरुवातीला त्रास नसतोच. मग शोधायचं कुणात? तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्यांत. ज्या तंबाखू-दारूनं गालाचं अस्तर बिघडवलं, तिनं अन्ननलिकेलाही सोडलेलं नसतं. मला पहिला डाग सापडला तो अशाच एका काकांमध्ये. गालाचं ऑपरेशन झालेलं, स्कोपीला आले होते ॲसिडिटीसाठी. साध्या प्रकाशात जराशी लाली दिसली. स्कोप घासला असेल म्हणून मी पुढे जाणार होतो. एनबीआयचं, म्हणजे निवडक निळ्या-हिरव्या प्रकाशात अस्तर दाखवणारं, बटण दाबलं, तर दातांपासून 28 सेंमीवर तपकिरी चकती उठून दिसली.

तेव्हापासून मी स्कोप आत नेतानाच एनबीआय लावतो, कारण बाहेर येताना खरचटलेलं काय आणि मुळातलं काय ते कळत नाही. फेस आणि लाळ आधी धुऊन घ्या. गळ्याखालचे पहिले काही सेंटिमीटर सगळेच घाईनं ओलांडतात, तिथे मुद्दाम रेंगाळा. डाग सापडला की झूम करून अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या पाहा. वेडीवाकडी झाली तरी वेटोळी टिकून असतील तर बी1, म्हणजे आजार बहुधा वरवरचा. वेटोळी मोडून वाहिन्या लांबल्या असतील तर बी2, जाडजूड झाल्या असतील तर बी3. तिथे ईएसडीचा हट्ट धरू नका, सर्जनला बोलवा.

मग ल्युगॉल, म्हणजे आयोडीनचं द्रावण. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, आयोडीन लागलं की त्या गडद तपकिरी होतात. कॅन्सरचा भाग कोरा राहतो. इथे दोन-तीन मिनिटं थांबा. कोरा भाग हळूहळू गुलाबी झाला तर संशय पक्का होत जातो. ॲलर्जी आणि थायरॉइडचं आधीच विचारून ठेवा, आणि शेवटी आयोडीनचा जोर मारणारं थायोसल्फेट फवारा, नाहीतर रुग्णाची छाती जळजळत राहते. बायोप्सी एकच, नेमक्या जागेवरून. चार-पाच तुकडे काढलेत तर खाली व्रण धरतो आणि ईएसडीच्या वेळी तो भाग उचलला जात नाही.

हात बसवायचा तो डुकराच्या जठरावर. नंतर अनुभवी माणूस शेजारी उभा असताना जठराचा खालचा भाग किंवा रेक्टम (गुदाशय). अन्ननलिका त्यानंतर. जागा अरुंद, बाहेरून सिरोसाचं आवरण नाही, स्नायू पातळ आणि शेजारी हृदयाचे ठोके, त्यामुळे समोरचं चित्र सतत हलत असतं. नळी फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच वापरा. आधी थोडं पाणी सोडून ते कुठे साचतं ते बघा, म्हणजे कापलेला पदर कुठल्या बाजूला लोंबणार ते कळतं. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरशी शब्द आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे "भरा" आणि "थांबा", एवढेच दोन. घेराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निघणार असेल तर नळी आकसण्याचा धोका मोठा. स्टेरॉइड आणि पुढे लागू शकणारं बलून डायलेटेशन (फुग्यानं नळी रुंद करणं), याबद्दल नातेवाइकांशी आधीच बोला.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. सुरुवातीच्या एका केसला चार तास लागले. सगळे दमलेले. स्पेसिमेन निघालं आणि मी ते तसंच फॉर्मालिनच्या बाटलीत टाकलं. वाळलेल्या सालीसारखं ते गुंडाळलं गेलं. दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजीच्या मॅडमचा फोन आला, "यातली कड कुठली आणि तळ कुठला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅन्सर पूर्ण निघाला की नाही, हे त्या रुग्णाला मी ठामपणे सांगू शकलो नाही.

आता तुकडा निघाला की मी हातमोजे न उतरवता थर्माकोलचा तुकडा घेऊन बसतो. अस्तर वर, बारीक टाचण्यांनी चहूबाजूंनी पसरायचा, पण ताणायचा नाही. तोंडाकडची बाजू लिहायची, पट्टी ठेवून फोटो, मग फॉर्मालिन. मॅडम त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करतात. आजार किती खोल गेला, रक्तवाहिनीत किंवा लसवाहिनीत शिरला का, हे त्या कापांतूनच ठरतं, आणि पुढे ऑपरेशन की नुसती देखरेख, तेही.

गालाचं ऑपरेशन झालेल्या त्या काकांचा रिपोर्ट वरवरचाच आला होता. तरी स्कोपी चालूच आहे. गेल्या खेपेला 28 सेंमीवरचा व्रण पांढरा आणि मऊ होता, पण ल्युगॉल मारल्यावर 33 वर एक नवा कोरा ठिपका दिसला. मी घड्याळ लावून तीन मिनिटं थांबलो.