गाण्यांची जुनी तबकडी घेताना मोबाइलचा टॉर्च लावा

खडेबाजारातल्या किंवा निपाणीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात गाण्यांच्या तबकड्यांचा (रेकॉर्डचा) गठ्ठा मिळतो, पण वाजवून बघायला प्लेअर नसतो. कव्हर कोरं करकरीत, आत मात्र ओरखडे! मी दोनदा फसलो. आता असं करतो:

१. तबकडी कडेने धरायची, मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरपा लावायचा. वरून उजेड टाकला तर सगळ्याच चकचकीत दिसतात.

२. ओरखडा दिसला की त्यावरून नख हलकेच आडवं फिरवायचं. नख अडलं तर सुईही बहुतेक अडणार. नुसत्या केसासारख्या रेघांचं एवढं काही नाही, थोडी खरखर होते इतकंच.

३. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघांचं जाळं दिसलं तर ती भरपूर वाजलेली. कुणाची तरी लाडकी असणार, पण भाव पाडायला उपयोगी.

४. काउंटरच्या काचेवर ठेवून डोळा कडेच्या पातळीला आणून बघा. पोळीसारखी फुगली असेल तर सोडून द्या.

आणि कव्हरवरचं नाव लेबलशी जुळतंय ना, तेवढं बघाच. कव्हर कुमार गंधर्वांचं, आत लग्नाचा बँड, असं झालंय माझं.

एक जपा: ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या, जड तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी, जाड टोकाची लागते.