गेमला नावं ठेवण्याचा धंदा

गेम खेळायचा, त्याला नावं ठेवायची, लोकांना हसवायचं आणि वर पैसे घ्यायचे. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की मला इथं बेळगावात खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या पोरांचे मेसेज सुरू होतात. "दादा, मलाही चॅनेल काढायचंय, माईक कुठला घेऊ?" माईकचं पुढे सांगतो. आधी काम काय असतं ते बघू, कारण निम्मी पोरं लाइव्ह स्ट्रीम आणि रिव्ह्यू यांत गल्लत करतात. स्ट्रीमवाला खेळता खेळता बोलतो, तीन-चार तास बसतो, त्याची गंमत तिथल्या तिथे. विनोदी रिव्ह्यू हा लिहून काढायचा प्रकार आहे. आठ मिनिटांच्या व्हिडिओसाठी गेम पुरा खेळावा लागतो, खेळताना शेजारी वही लागते, मग लिहिणं, खोडणं, परत लिहिणं, आवाज देणं आणि शेवटी एडिटिंग, जे जीव खातं. नोकरी सांभाळून मला पंधरवड्याला एक व्हिडिओ जमतो. आठवड्याला एक टाकणारेही आहेत. त्यांना एक तर नोकरी नाही, नाहीतर झोप नाही.

हा प्रकार शिकायचा तर दोन माणसं बघावीच लागतात. जेम्स रॉल्फ या अमेरिकन माणसाने २००४ मध्ये जुन्या गेमवर चिडचिड करणारं एक पात्र उभं केलं आणि २००६ पासून ते यूट्यूबवर 'अँग्री व्हिडिओ गेम नर्ड' म्हणून गाजलं. पांढरा शर्ट, खिशाला पेनं, तोंडात शिव्या. आपली पोरं त्यातल्या शिव्या तेवढ्या उचलतात. बघायचं असतं ते वेगळंच. तो चिडण्याआधी गेमनं नक्की काय केलं ते पडद्यावर दाखवतो. राग नाटकी असतो, तक्रार खरी असते. दुसरा बेन क्रॉशॉ, सगळे त्याला यात्झी म्हणतात. २००७ मध्ये त्याने सुरू केलेल्या 'झीरो पंक्चुएशन'मध्ये पिवळी पार्श्वभूमी, तिच्यावर साधी चित्रं आणि दम न घेता चाललेलं बोलणं, एवढंच असायचं. चेहरा नाही, कॅमेरा नाही. ज्याच्याकडे नुसता जुना लॅपटॉप आहे त्याने यात्झी आधी बघावा. २०२३ च्या नोव्हेंबरात तो आणि त्याचे सहकारी हा कार्यक्रम दाखवणाऱ्या संस्थेतून बाहेर पडले, तेव्हा सोळा वर्षं चालवलेलं कार्यक्रमाचं नाव मागेच राहिलं आणि त्याला नव्या नावाने मांडणी करावी लागली. 'आमच्या नेटवर्कमध्ये या' असा मेल तुम्हाला आला की आधी हे बघा, चॅनेलचं नाव आणि पात्र कुणाच्या मालकीचं राहणार. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही.

आता लिहिणं, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. 'कंट्रोल एकदम बेकार आहेत' या वाक्याला कुणी हसत नाही. ते मत झालं, आणि मतं सगळ्यांकडे असतात. उदाहरण घेऊ. सायबर कॅफेत वाढलेल्या आमच्या पिढीला 'व्हाइस सिटी' या गेममधलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन झोपेतून उठवून विचारलं तरी आठवतं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत रिमोटचं हेलिकॉप्टर घुसवायचं आणि वेळेत चार बॉम्ब चार जागी ठेवायचे. माझ्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: "हे मिशन बनवणाऱ्याचं तोंड बघायचंय मला." ठीक आहे, पण हे कुठल्याही गेमला चिकटवता येतं, म्हणून खोडलं. मग गेम परत लावला आणि नुसता बघत बसलो. तिथले कामगार हातातली हत्यारं घेऊन हेलिकॉप्टरवर धावून येतात, तेही लगेच. तिथं वाक्य सापडलं: "आमच्या अनगोळात गवंड्याला सकाळी नऊला बोलावलं तर साडेअकराला येतोय, तेही चहा पिऊन. आणि इथं बॉम्ब टाकायला गेलो तर दोन सेकंदात सगळे हजर!" ह्या वाक्यावर लोक हसले, आणि कमेंटमध्ये एका गवंड्याने उत्तरही दिलं, "पैसे वेळेवर द्या की मग." ते उत्तर माझ्या वाक्यापेक्षा सरस होतं, ते पुढच्या व्हिडिओत मी वाचून दाखवलं.

म्हणून वहीत मी मत लिहीत नाही, घडलं ते लिहितो. किती वाजता कुठे अडकलो, स्क्रीनवर काय होतं, तोंडातून काय निघालं. तोंडातून निघालेलं तर जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य सुचवू म्हटलं तर सुचत नाही.

भारतीय गेमच्या बाबतीत हे अवघड जातं, कारण लोक आधीच बाजू घेऊन बसलेले असतात. 'फौजी'ची घोषणा पबजीवर बंदी आल्यावर दोनच दिवसांत झाली आणि गेम २६ जानेवारी २०२१ ला आला. लोकांना हवी होती पबजीची जागा घेणारी धुमश्चक्री. हाती आली ती एकट्याने खेळायची हाणामारी, आणि मार खाल्ला की शेकोटीजवळ जाऊन थांबायचं, तब्येत आपोआप सुधारते. त्या शेकोटीवर विनोद करणं म्हणजे देशावर विनोद करणं नव्हे, पण हे कमेंटमध्ये समजावत बसू नका, व्हिडिओच इतका नेमका करा की वाद घालायला जागा राहू नये. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी' घ्या. लहान चमूने केलेलं काम, देखणं, मारामारीत थोडं कच्चं. तिथं मी कच्चेपणावर एक वाक्य बोलतो आणि चित्रांवर चार. हजार माणसांच्या कंपनीने अर्धवट गेम पाच हजारांना विकला तर माझी जीभ सैल सुटते. हा माझा पक्षपात आहे आणि तो मी लपवत नाही.

भाषेचं काय करायचं, हा आपल्याकडच्या पोरांचा खास प्रश्न. सुरुवातीला सगळे पुण्याच्या निवेदकासारखे बोलायला जातात. नका जाऊ. मित्राशी बोलताना जे 'काय करूलालास मर्दा' निघतं, तेच माईकसमोर निघू दे. आमच्याकडे मिशन फेल झालं की मराठी माणूससुद्धा 'होगली बिडु', म्हणजे कन्नडमध्ये 'जाऊ दे सोड', म्हणून मोकळा होतो. ते कापू नका. कोल्हापूर, गडहिंग्लजचा प्रेक्षक याला आपलं समजतो, पुण्या-मुंबईचा कौतुकाने ऐकतो, आणि धारवाडकडचे कन्नड दोस्तही त्या एका वाक्यासाठी व्हिडिओ पाठवतात एकमेकांना. फक्त वेग सांभाळा. आपलं बोलणं मुळात हेल काढून, त्यात यात्झीचा वेग घातला तर कुणालाच काही कळत नाही.

सीमाप्रश्नावर मला मत आहे. पण १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिन, जवळ आला की चॅनेलवर भांडण लावून व्ह्यूज गोळा करायचा मोह होतो, तो टाळा. भांडायला आलेला माणूस पुढचा गेम रिव्ह्यू बघत नाही, तो पुढच्या भांडणाची वाट बघतो.

माईक. हजार-दोन हजारांतला साधा यूएसबी माईक पुरतो. माईकपेक्षा खोली महत्त्वाची, आणि वडगाव, खासबागेत राहत असाल तर यंत्रमागाची खडखड. मी माग बंद झाल्यावर, रात्री, कपाटाचं दार उघडं टाकून कपड्यांकडे तोंड करून बोलतो. वर वाकळ घेतली की आवाज आणखी स्वच्छ येतो, उन्हाळ्यात मात्र घामाने अंघोळ होते. पावसाळ्यात हेस्कॉमची वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा आधी यूपीएस आणि मग ग्राफिक्स कार्ड. रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ आणि एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, यापलीकडे मला अजून काही लागलेलं नाही. आवाज कसा टाकायचा हे शिकायचं असेल तर शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी जिथं संवाद रेकॉर्ड होतात त्या स्टुडिओत दोन संध्याकाळ बसून या. एक माणूस मावळाही होतो आणि खानाचा सरदारही, तेही एका टेकमध्ये. थांबायचं कुठे, हे मी तिथं शिकलो.

कॉपीराइटला घाबरून बरेच जण गेमचं चित्रणच दाखवत नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे. पण यूट्यूबचं यंत्र कायदा वाचत नाही, ते गाणं ओळखतं. 'व्हाइस सिटी'त गाडीत बसलात की रेडिओवर खरी, हक्क असलेली गाणी वाजतात, आणि व्हिडिओवर क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, येऊन जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात. त्यामुळे रेकॉर्डिंगआधी सेटिंगमध्ये जाऊन संगीत बंद करा, बाकीचे आवाज ठेवा. क्लेम आणि स्ट्राइक वेगळे आहेत हेही लक्षात असू द्या. क्लेमने पैसे जातात, स्ट्राइक म्हणजे यूट्यूबची ताकीद, ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक बसले तर चॅनेलच जाऊ शकतं. सलग पाच मिनिटं कटसीन, म्हणजे गेममधली नुसती बघायची दृश्यं, दाखवण्यापेक्षा दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे करून वर बोलत राहिलेलं केव्हाही बरं. विनोदालाही तेच बरं पडतं.

पैशांचं सरळ सांगतो. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितले गेलेले लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे. खात्यात १० डॉलर जमले की गूगल पत्ता तपासायला पिन पाठवतं, आणि ती मेलवर नाही, पोस्टाने येते. आपल्या गल्ल्यांत एका नंबराची तीन घरं असतात, तेव्हा पोस्टमनकाकांना आधीच गाठून ठेवा. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. अमेरिकेचा कराचा फॉर्म न कंटाळता भरा. भरला तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर १५ टक्के कापतात, नाही भरला तर सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. एवढं करून मराठी व्हिडिओला जाहिरातीचा दर कमीच. माझं महिन्याचं नेट आणि वीजबिल निघून वर थोडं उरतं, घर चालत नाही. घर चालतं ते उद्यमबागेतल्या नोकरीवर आणि लग्नसराईत लोकांचे व्हिडिओ एडिट करून. आई अजून विचारते, "पोरांच्या खेळाला नावं ठेवल्याबद्दल कोण पैसे देतंय रे?" आणि बँकेचा मेसेज दाखवला की म्हणते, "एवढेच?"

पूर्वी रमी आणि पैसे लावायच्या ॲपवाले लहान चॅनेललाही चांगली रक्कम द्यायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात करणं हाच गुन्हा झाला. त्यात तुरुंग आहे आणि ५० लाखांपर्यंतचा दंडही. कुणी 'नुसतं लिंक टाका' म्हणालं तरी टाकू नका. बाकी प्रायोजक मिळाला तर व्हिडिओत स्पष्ट सांगा, पैसे घेऊन गेमची स्तुती करणारा विनोदी रिव्ह्यूवाला दोन व्हिडिओंत ओळखू येतो. आणि करार म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल आली तर उघडू नका. ती उघडली की ब्राउझरमधलं लॉगिन चोरीला जातं आणि सकाळी तुमच्या चॅनेलवर दुसराच कुणी क्रिप्टो विकत बसलेला असतो.

एकाच गेमवर चॅनेल बांधू नका. पबजी सप्टेंबर २०२० मध्ये गेला, फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये, पबजीचाच भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये गेला तो मे २०२३ मध्ये परतला. आमच्या भागातली किती तरी नुसती गेमप्ले चॅनेलं त्या मधल्या काळात बंद पडली. रिव्ह्यूवाल्याला हा फटका कमी, बंदी हाच त्याला एक व्हिडिओ मिळतो.

पहिल्या व्हिडिओसाठी चार-सहा तासांत संपणारा, स्वस्तातला गेम घ्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, पण दोन तासांत गेम सोडून त्यावर रिव्ह्यू करायचा नाही, तेवढं पथ्य पाळा. गेम साधारण वाईट असावा. फार वाईट गेमवर विनोद सोपा होतो आणि चांगल्या गेमवर सुचत नाही. लिहून झालं की कॅमेऱ्याआधी ते गेम न खेळणाऱ्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा. मी बहिणीला दाखवतो. ती जिथं "म्हणजे?" विचारते तिथं खूण करतो, आणि जिथं मोबाईल हातात घेते तिथून पुढचा परिच्छेद उडवतो.