‘न्यू ड्रॅगन गेट इन’ बघायचा कसा

आधी दिग्दर्शक किंग हूचा १९६७चा ‘ड्रॅगन इन’, मग १९९२चा हा हाँगकाँगचा तलवारबाजीचा सिनेमा. मी उलटं केलं आणि जुना उगाच संथ वाटला, चूक माझीच. डब नको, मूळ चिनी आवाज ठेवून सबटायटल लावा.

चीनमधला मिंग घराण्याचा काळ, वाळवंटातली सरहद्द, एकच सराई, एवढं ठाऊक असलं की पुरे. पहिल्यांदा तलवारींपेक्षा सराईकडे लक्ष द्या: जिना कुठे, मालकिणीची खोली कुठे, भुयार कुठे. कारण निम्मी लढाई दारूच्या टेबलावर नजरेनंच होते. मालकीण झालेली मॅगी च्यांग बोलत असली की तलवारबाज झालेल्या ब्रिजिट लिनचा चेहरा बघा.

वाळूतली शेवटची हाणामारी मात्र दोनदा लावा. डॉनी येनच्या खोजापुढे, म्हणजे दरबारातल्या नपुंसक अधिकाऱ्यापुढे, या दोघी आणि नायक असे तिघं कमी पडतात, तेव्हा सराईतला आचारी येतो. पुढचं सांगत नाही. जेवताना बघू नका.